निळं तीर्थ आणि मेलेले खेकडे

सांताक्रूझला अण्णांच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दारात बायका, खिडकीत माणसं, आणि सगळ्यांचे डोळे काचेच्या पेटीवर. पेटीतल्या खाऱ्या पाण्यात अण्णांचे पाच पट्टेरी मासे मजेत हिंडत होते. पंधरवड्यापूर्वी याच माशांच्या अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके उठले होते. "अगं बाई, माशांना देवी आल्या!" असं शेजारच्या प्रेमाबाईंनी जाहीर केलं आणि कुठूनसे चंद्रप्रकाश महाराज उगवले. त्यांनी पेटीत निळं तीर्थ टाकलं. आठव्या दिवशी ठिपके गायब!

"नीलकंठानं हलाहल प्यालं, त्यातला उरलेला घोट आम्हाला हिमालयात मिळाला," महाराज डोळे मिटून सांगत होते.

हिमालयातला घोट म्हणे, आणि बाटली खोकल्याच्या औषधाची! शुभाच्या डोक्यात तिडीक गेली. अण्णांची ही मुलगी शाळेत विज्ञान शिकवायची. एरवी तिनं हसून सोडून दिलं असतं. पण आज तिची चार वर्षांची क्षमा तापानं फणफणली होती, अंगभर पुरळ उठलं होतं. नवरा विद्याधर डॉक्टरांना आणायला गेला होता. तेवढ्यात अण्णा क्षमाला उचलून महाराजांपुढे घेऊन आले.

"अण्णा, डॉक्टर येताहेत ना!"

"येऊ देत की. माशांना गुण आला तो तू डोळ्यांनी पाहिलास."

"वाटीभर पाजा," महाराजांनी निळं पाणी ओतलं. "शंका घेतली की आई कोपते."

एवढ्यात समुद्राच्या पाण्याचे डबे घेऊन शेवंती गर्दीतून आत घुसली. खारदांड्याची ही कोळीण दर पंधरा दिवसांनी पेटीसाठी पाणी आणायची.

"अण्णा, मी पेटीत सोडायला दिलेले खेकडे कुठं गेले?"

"मेले गं. तीर्थ टाकलं त्याच दिवशी," अण्णा पुटपुटले.

"आणि कोळंबी?"

"तीही."

"वा रे तुमची देवी! मासे तारले नि खेकडे मारले? खेकड्यांनी तिचं काय घोडं मारलं होतं?"

लोक हसले. शुभा हसली नाही. माशांना सोसतं, खेकड्याला मारतं, आणि रंग निळा! शाळेच्या कपाटातली बरणी तिच्या डोळ्यांपुढे आली. अण्णांनी क्षमाच्या ओठांजवळ नेलेली वाटी तिनं हिसकावली, स्वयंपाकघरातून लोखंडी सुरी घासूनपुसून आणली आणि पातं वाटीत बुडवलं.

"बघा सगळ्यांनी."

थोड्या वेळानं तिनं पातं वर काढलं. बुडलेला भाग तांब्यासारखा लाल झाला होता.

"चमत्कार!" प्रेमाबाईंनी हात जोडले.

"कसला डोंबलाचा चमत्कार! हे मोरचूद आहे. त्यातलं तांबं लोखंडावर बसतं. माशांना देवीबिवी नव्हत्या, अंगावर बारीक किडे होते. चिमूटभर मोरचुदानं किडे मरतात, मासे तगतात, खेकडे मात्र जातात. आणि हे वाटीभर पोरीच्या पोटात गेलं तर रक्ताच्या उलट्या होतील!" शुभानं वाटी महाराजांपुढे धरली. "घ्या. हिमालयातला घोट आहे ना? प्या!"

"आज... आमचा निर्जळी उपवास आहे."

"मघाशी नाक्यावर तर दोन कप चहा ढोसलास की रे!" शेवंती कडाडली. महाराजांनी बाटली तिथंच टाकली आणि खडावा हातात घेऊन पळ काढला.

डॉक्टर आले. कांजिण्या होत्या, आठवड्यात बऱ्या झाल्या. महाराज पुन्हा सांताक्रूझला दिसले नाहीत. दुसरीकडे कुठं दुसऱ्या रंगाचं तीर्थ विकत असतील.

अण्णा मात्र त्या दिवशी कितीतरी वेळ क्षमाला मांडीवर घेऊन बसले होते. तिचा ताप पाहायला आलेल्या प्रत्येकाला ते एकच सांगत होते, "कुणी काही पाजायला दिलं तर आधी विचारा, यात आहे काय. विचारल्यावर जो चिडतो, त्याला दाराबाहेर काढा. मी विचारलं नव्हतं. वाटी माझ्याच हातात होती."