नळाच्या दिवशीचं दळण

स्मार्ट मीटर येणार ही बातमी आमच्या गल्लीत सगळ्यात आधी खुशालरावांना लागली, आणि त्यांना लागली म्हणजे संध्याकाळपर्यंत ती प्रत्येक ओट्यावर पोचली. गावच्या सोसायटीतून सचिव म्हणून रिटायर झालेला माणूस. काम संपलं, आवाज मात्र अजून आमसभेतला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या फाटकावर पाटी लागली: ‘या घरी स्मार्ट मीटर बसवू नये. हुकमावरून.’ कोणाच्या हुकमावरून ते लिहिलं नव्हतं, पण आम्हाला माहीत होतं.

दर्यापूरच्या या गल्लीत माझं घर त्यांच्या बरोबर समोर. त्यामुळे त्यांच्याकडे कोण येतं, कोण रुसून जातं, कोणाला चहा मिळतो आणि कोणाला नुसतं पाणी, हे मला बसल्या जागी कळतं. याला कोणी चोंबडेपणा म्हणतं. म्हणू द्या.

मीटरबद्दल काय काय ऐकू येत नव्हतं? नवं मीटर दुप्पट पळतं म्हणे. मोबाईलसारखा त्याचा रिचार्ज संपतो आणि भर मे महिन्यात कूलर बंद पडतो म्हणे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते बघतं.

“आपण कवा झोपतो, कवा उठतो, कवा घरी नसतो, सारं तिकडे ऑफिसात दिसते,” खुशालराव ओट्यावर बसून सांगायचे. “उद्या चोरायले पत्ता भेटला म्हंजे?”

गोदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आजवर नवऱ्याच्या कोणत्याच म्हणण्याला मान डोलावली नव्हती. मीटरच्या बाबतीत मात्र त्या नवऱ्याच्याही चार पावलं पुढे.

“माह्या जिवात जीव हाये तवर ते डबडं माह्या भिंतीले लागनार नाई,” त्या म्हणाल्या. मला तेव्हाच जरा चमत्कारिक वाटलं होतं.

मीटर हवं म्हणणारा गल्लीत एकच माणूस, डोमाजी. शेवटच्या घरातले. जन्मभर एसटी चालवली, आता निवांत. “बसवू द्या ना भाऊ. आपलं काय जाते?” असं ते म्हणाले आणि सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर फिरल्या. याला कावून एवढा पुळका? कमिशन असन. जावई अकोल्याला लाईटच्या खात्यातच हाये म्हंते. जावई शाळेत मास्तर आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या लग्नात सगळे जेवूनही आले होते. पण त्या आठवड्यात ते कोणाला आठवलं नाही.

डोमाजींचं खरं दुखणं पाण्याचं होतं. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. पिण्यासारखं पाणी म्हणजे नळाचं. ते तीन-चार दिवसांआड सकाळी घटकाभर येतं. गल्लीच्या तोंडाशी धार चांगली असते, मध्ये करंगळीएवढी, आणि उन्हाळ्यात डोमाजींच्या नळातून नुसती हवा येते.

“लाईट गेली का आमच्या नळाले धार लागते,” ते सांगायचे. “लाईट आली का गेली. म्हंजे कोनीतरी टिल्लू लावून राह्यलं.”

टिल्लू म्हणजे नळाला जोडायची चिमुकली मोटर. लाईनीतलं पाणी खेचून घेते, पुढच्यांना राहू देत नाही. आमच्या गल्लीत टिल्लूला सगळे शिव्या देतात आणि टिल्लू कोणाकडेच नसतो. प्रत्येकाला शेजाऱ्याचा संशय. माझ्याकडे आहे का, ते विचारू नका. नाही, आणि असता तरी इथे सांगितला नसता.

या वर्षी पाण्याचं जिवावर बेतलं होतं, कारण डोमाजींची लेक दीपमाला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. ओली बाळंतीण आणि तान्ही पोर घरात, आणि तिची आई इंदूबाई भर उन्हात मैदानातल्या टाकीवरून पाण्याचे गुंड, म्हणजे हंडे, वाहते. शेवटी जावई फोनवर म्हणाला, पुढच्या नळाला पाणी आलं नाही तर संध्याकाळी गाडी घेऊन दोघींना न्यायला येतो. अकोल्याला त्यांच्या घरी गोड्या पाण्याची विहीर आहे.

“तो चुकीचं नाई बोलला,” इंदूबाई माझ्या ओट्यावर बसून रडल्या. “पन लेकीची पयली खेप, चंदाबाई, अन् मी तिले आंघोळीले पानी देऊ शकत नाई. लोक काय म्हंतीन?”

मी काय बोलणार? माझ्या नळाची धार करंगळीएवढी. दोन बादल्या दिल्या, तेवढंच.

गोदाबाईंनी मात्र इंदूबाईंना कधी अंतर दिलं नव्हतं, हे सांगितलंच पाहिजे. त्यांच्याकडे घरघंटी आहे. इंदूबाईंची ज्वारी त्या स्वतः दळून देत, एक रुपया घेत नसत. मागे एका बाईनं ‘त्यांचं दळण आपल्या घंटीत?’ म्हणून नाक मुरडलं होतं. गोदाबाईंनी तिला तिच्या डब्यासकट ओट्यावरून उतरवलं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हापासून माझ्या मनात त्यांची जागा मोठी होती. म्हणूनच पुढचं सांगताना माझं डोकं तापतं.

त्यांची अट एकच, दळण नळाच्या दिवशी सकाळी आणायचं. “तवा मी घरीच असते, सारी कामं एका दमात होतात,” असं त्या म्हणत. ती घंटी अशी धडधडायची की समोर माझ्या घरात टीव्ही ऐकू येत नसे.

तर झालं असं, की जावयाच्या फोननंतर डोमाजींचा धीर सुटला. खुशालरावांच्या ओट्यावर मीटरच्या विरोधात निवेदन द्यायची चर्चा चालली होती, तिथे ते उभे राहिले.

“मले दुसरं काई नाई पाहाचं. नळाच्या टायमाले कोनाचं मीटर जास्त पळते, एवढं नव्या मीटरात दिसते म्हंतात. ज्याच्या घरी टिल्लू नाई त्याले भेव कायचं?”

खुशालरावांचा चेहरा लाल झाला. “म्हंजे? मी चोर?”

“मी कोनाचं नाव घेतलं नाई, भाऊ.”

“पाटी कोनाच्या फाटकावर हाये? मंग नाव घेतल्यासारखंच झालं!”

एवढं बोलून ते उठले, फाटकापाशी गेले आणि पाटी तारेसकट ओढून काढली. “उद्या पयलं मीटर माह्या घरी. साऱ्या गल्लीसमोर. खुशालरावाच्या घरात चोरीचा थेंब नाई अन् चोरीची लाईट नाई!”

गोदाबाई चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. “उद्या नका वो. उद्या नळ हाये.”

“नळाचा अन् मीटरचा काय संबंध? तुमी पानी भरा, मी मीटर लावतो.”

त्यांनी तिथूनच फोन लावला. माणसं दुपारून येतील असं उत्तर आलं. दुपारून म्हटल्यावर गोदाबाईंनी चहा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहते तर त्यांच्या अंगणात भांड्यांची जत्रा. माळ्यावरचे लग्नातले गंज, पिंप, घागरी, सगळं घासून मांडलेलं.

“काय वो, घरात कार्य हाये काय?” मी विचारलं.

“दुपारून लाईट बंद राहीन, म्हनून भरून ठेवते,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मला ते पटलं नाही. पाणी काय लाईट गेल्यावर उडून जातं?

इंदूबाई ज्वारीचा डबा घेऊन आल्या. रात्रभर झोपल्या नसाव्यात. “आज तरी पानी येऊ दे, गोदाबाई. जावई संध्याकाळी निंगते म्हंते.”

“येईन वो, येईन,” गोदाबाईंनी त्यांच्या हातातून डबा घेतला. इंदूबाई घरी जाऊन नळाखाली बादली लावून बसल्या, आणि इकडे घंटी धडधडायला लागली.

मीटरवाले सकाळीच टपकले. दुपारी दुसरीकडे काम निघालं म्हणे. खुशालराव खूश. खुर्ची रस्त्यावर टाकली, हाका मारून सगळ्यांना गोळा केलं, आणि डोमाजींना मुद्दाम पुढे उभं केलं. घंटीच्या आवाजात आत काही ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

“मेन बंद करतो, काका,” स्टुलावरचा माणूस म्हणाला.

“कर ना बाप्पा, बिनधास्त.”

खटका खाली पडला. घंटीचा आवाज घसरत घसरत थांबला. त्याच्याखाली आणखी एक बारीक घरघर होती. एवढ्या वर्षांत ती कधी वेगळी ऐकू आली नव्हती. तीही थांबली.

थोड्याच वेळात गल्लीच्या टोकाकडून इंदूबाईंचा आवाज आला. “आलं! वो, पानी आलं! दीपमाला, दुसरा गुंड दे व लवकर!”

डोमाजींनी सवयीनं वर तारांकडे पाहिलं. “लाईट गेली काय?”

लाईट कुठे गेली होती? माझा कूलर चालू होता. शेजारचा चालू होता. सगळ्या गल्लीत पंखे फिरत होते. बंद होतं ते एकच घर.

“पाहा!” खुशालराव हसून म्हणाले. “मीटर लागाच्या आधीच पानीबी आलं. शकुन चांगला हाये, डोमाजी.”

डोमाजी हसले नाहीत. ते त्यांच्याकडे बघत राहिले. मग मी बघायला लागले, मग सगळेच. खुशालरावांचं हसू हळूहळू उतरत गेलं. स्टुलावरच्या माणसाला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं नवं मीटर बसवलं, त्यात लाल दिवा लुकलुकला, आणि त्यानं खटका वर केला.

आत बटणं चालूच राहिली होती. घंटी धडधडली.

“गेलं व माय!” टोकाकडून इंदूबाई कळवळल्या. “पुन्हा गेलं!”

खुशालराव उठले. मी त्यांना इतक्या हळू उठताना कधी पाहिलं नव्हतं. ते आत गेले, घंटी बंद झाली, मग भांडं कलंडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात टिल्लू होता, मागे ओली नळी फरफटत होती. तो त्यांनी डोमाजींच्या पायापाशी ठेवला.

मागोमाग गोदाबाई आल्या, दोन्ही हात पिठानं पांढरे. “आजचाच दिवस होता,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “नवं मीटर लागल्यावर काढूनच टाकनार होते. एक डाव सारं भरून ठेवलं अस्तं, अन् खतम.” मग आमच्याकडे वळल्या. “अन् माह्या एकटीच्याच घरी हाये काय? बोला ना!”

दोघं-तिघं पायाखालची माती बघायला लागले.

इंदूबाई ओल्या हातांनी धावत आल्या होत्या. त्यांनी टिल्लू पाहिला. मग गोदाबाईंचे हात पाहिले.

“म्हनून नळाच्या दिवशी?” त्या म्हणाल्या. “माह्या दळणाच्या आवाजात?”

गोदाबाईंनी मान खाली घातली.

“माहा डबा द्या.”

“अर्धंच झालं वो. अर्धी ज्वारी घंटीतच हाये, थांबा जरा...”

“अर्धंच द्या.”

त्यांनी अर्धा डबा पीठ घेतलं आणि वळून गेल्या. डोमाजी टिल्लू तिथेच सोडून त्यांच्यामागे गेले.

दीपमाला अकोल्याला गेली नाही. नातीला आता अंगणात परातीत धरून आंघोळ घालतात, मी जाऊन पाहून आले. खुशालराव आणि डोमाजी सोडले तर गल्लीतल्या बाकी घरांनी अजून मीटर लावू दिलेलं नाही. का, ते कोणी कोणाला विचारत नाही. खुशालराव ओट्यावर बसतात, पण मीटरकडे पाठ करून.

काल गोदाबाईंनी मला रस्त्याच्या पलीकडून हाक मारली. “चंदाबाई, इंदूबाई दळण कुठं नेते व आताशा?”

“स्टँडजवळच्या चक्कीवर.”

“एवढ्या लांब? या उन्हात?”

“हो.”

त्या रस्ता ओलांडून माझ्या ओट्यापाशी आल्या. “तिची ज्वारी घंटीतच हाये अजून. काढावं वाटत नाई, अन् दळावंबी वाटत नाई.”

“सोंडे लागतील त्यात,” मी म्हटलं आणि घरात निघून आले. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि रडूही त्यांच्यासाठीच येत होतं.