चहाचा ट्रे

चाकणच्या आमच्या कंपनीत मी नऊ वर्षं गाड्यांचं वायरिंग जोडतेय. लाइनवरच्या बोर्डावर प्रत्येकाच्या नावापुढे एक गोल असतो. काम शिकाल तेवढा तो भरायचा. पूर्ण गोल म्हणजे दुसऱ्याला शिकवण्याइतका हात बसलेला. आमच्या लाइनवर पूर्ण गोल एकच, जयमालाचा, म्हणजे माझा. म्हणून लाइन लीडरच्या जागेसाठी मी अर्ज केला.

मुलाखत छान चालली होती. तेवढ्यात दार ढकलून माझी आई चहाचा ट्रे घेऊन आत आली. सोजरबाई, कंपनीत साफसफाई आणि चहापाणी बघते. तिचा गुडघा दुखतो. मी उठले आणि ट्रे हातात घेतला.

"बसा हो, त्यांचं कामच आहे ते," एचआरचे गणराज सर म्हणाले.

"आई आहे माझी."

सगळ्यांचे चेहरे बदलले. कामाचे प्रश्न तिथंच संपले आणि राहता कुठे, घरी कोण कोण, असल्या चौकशा सुरू झाल्या.

जागा प्राजक्ताला मिळाली. निगडी प्राधिकरणात बंगला, ताथवड्याच्या कॉलेजची पदवी, कंपनीत तीन महिने. पोरगी वाईट नाही, पण गोल कोरा. आणि सोमवारी ऑडिट, त्यात लीडरचा गोल आधी बघतात! गोल भरल्यावर सही लागते ती पूर्ण गोलवाल्याची. गणराज सरांनी मार्कर माझ्या हातात ठेवला.

"प्राजक्ताचा गोल भरून टाका. सही करा."

माझं डोकंच सणकलं. "तिला कामाच्या बेंचपाशी उभी करा. मी शिकवीन, मनापासून शिकवीन. हात बसेल तेवढाच गोल भरीन. खोटी सही माझ्याकडून व्हायची नाही."

शेजारी उभी असलेली प्राजक्ता ओशाळली. मग तिनं आयकार्ड खिशात टाकलं आणि माझ्याकडे हातमोजे मागितले.

सरांनी मला बाजूला घेतलं. "तुमच्या कामाबद्दल शंका नाही हो. पुढच्या वर्षी परत अर्ज करा. पण लीडरला जरा वजन लागतं. त्या दिवशी तुम्ही उठलात ना, तिथंच बिघडलं. पुढच्या वेळी सोजरबाईंना सुट्टी देऊ."

पलीकडे आई फरशी पुसत होती. तिनं ऐकलं. "साहेब भल्याचं सांगतेत, जयू. ऐक की," ती म्हणाली.

मला तिचाही राग आला.

"अर्ज करणारच," मी सरांना म्हणाले. "दर वर्षी करीन. पण तिला सुट्टी द्यायची नाही. ती आत आली की मी उठणार. तुम्हाला ते बघवत नसेल, तर माझ्याआधी तुम्ही उठा."