सामान चढेपर्यंत

माझा मुलगा ओन्नी खोकला तेव्हा मी त्याच्या सदऱ्यांना बटणं लावत होते. हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलं होतं की कपडे पुढून उघडणारे हवेत, ऑपरेशननंतर डोक्यावरून काहीही घालता-काढता येणार नाही. तसे त्याच्याकडे दोनच होते. म्हणून तीन सदरे मी पुढून उभे कापले होते आणि काल दुपारपासून काजं करत बसले होते.

एकदाच खोकला. पण कोरडा नव्हता.

मी सुई हातात धरून थांबले. तो लाकडी जमिनीवर चमचे एका रांगेत लावत होता. दुसरा खोकला आला नाही. घड्याळात सव्वानऊ झाले होते.

"घशात तूस गेलं असेल," चुलीपाशी उभ्या असलेल्या मुम्मो मागे न वळता म्हणाल्या. मुम्मो माझ्या सासूबाई. ओन्नी झाल्यापासून घरात सगळे त्यांना मुम्मोच म्हणतात, म्हणजे आजी.

"ओला होता."

"तुला कसं कळलं? आत जाऊन बघितलंस?"

मी तापमापी काढली. सदतीस पूर्णांक एक. ताप नव्हता. नाकातून थोडं पाणी येत होतं, पण ते पाण्यासारखंच स्वच्छ होतं. पाच मिनिटांनी पुन्हा लावली. सदतीस पूर्णांक एक.

ओन्नीला जन्मापासून ऐकू येत नाही. शुक्रवारी टोरंटोत त्याच्या दोन्ही कानांमागे यंत्र बसवायचं होतं. फेब्रुवारीत मिळालेली आधीची तारीख तापामुळे गेली. हॉस्पिटलच्या दारातून परत आलो होतो आम्ही. तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, तिसरा वाढदिवस उलटू देऊ नका, उशिरा बसवलेल्या यंत्रातून आवाज येतात पण बोली येत नाही. तिसरा वाढदिवस जूनमध्ये होता. शुक्रवार हुकला तर पुढची तारीख ऑक्टोबरची.

आज बुधवार. दुपारची आगगाडी आम्हाला संध्याकाळी सडबरीला पोचवणार, तिथे माझा नवरा आर्वो खाणीतली पाळी संपवून पिकअप घेऊन येणार, आणि उद्या सकाळी रस्त्याने टोरंटो. पुढची गाडी शुक्रवारी. आमच्याकडे यायला-जायला रस्ता नाही, तळं आहे, आणि एप्रिलच्या शेवटी तळ्यावरचा बर्फ धड पाय ठेवू देत नाही, धड नाव घालू देत नाही. विमानही उतरत नाही. उरली ती गाडी.

"दहाला नर्सचा फोन येईल," मी म्हणाले. "ती विचारणार."

"मग नाही म्हण."

"मुम्मो!"

"काय मुम्मो? आर्वो लहानपणी अख्खा एप्रिल खोकत असायचा. मेला का?"

"आर्वोला तेव्हा भूल द्यायची नव्हती. छातीत कफ असला तर भुलीत श्वास अडकू शकतो."

"शिकलेल्या बायकांना सगळं अडकतानाच दिसतं." त्यांनी वेलदोड्याचा पाव भट्टीतून काढून ओट्यावर आपटला. "एका खोकल्यासाठी पोराचे कान घालवशील. मी सांगून ठेवते, कोलेट."

मी चारही बॅगा पुन्हा उघडल्या. पहिलीत ओन्नीचे कपडे, दुसरीत माझे, तिसरीत कागद, औषधं, लंगोट, चौथीत खाणं. गाडीत मध्येच एखादं सामान लागलं तर डबाभर बॅगा उलटाव्या लागू नयेत म्हणून मी यादी केली होती, आणि त्या यादीची दुसरी प्रत कोटाच्या खिशात होती. सगळं जागच्या जागी होतं. फक्त मी नव्हते.

दहाला नर्सचा फोन आला. ग्वेन तिचं नाव, आवाज नेहमी हसरा. वजन, ॲलर्जी, शेवटचा ताप, घरात कुणी आजारी? मी उत्तरं देत गेले. मुम्मो हात पुसत समोर येऊन उभ्या राहिल्या.

"आणि खोकला, सर्दी काही?"

मुम्मोंनी मान हलवली. नाही म्हण. ओन्नीने ती हललेली मान पाहिली आणि हसत स्वतःचीही हलवली. त्याला वाटलं खेळ आहे.

"एकदा खोकला," मी म्हणाले. "सव्वानऊला. ओला होता."

पलीकडून पेन टेकवल्याचा आवाज आला. "बरं केलंत सांगितलंत. मी भुलीच्या डॉक्टरबाईंना विचारते, त्या तुमच्याशी बोलतील. पण बाराच्या आत बोलणं झालं नाही तर ही वेळ मला यादीतल्या पुढच्या मुलाला द्यावी लागेल हं. त्या आईबापांनाही निघायला वेळ हवा."

"आमची गाडी साडेअकरा-बाराला येते. गाडीत फोन लागत नाही. गाडी काय, घराबाहेर पडलं की लागत नाही."

"वडिलांना करू?"

"ते खाणीत आहेत, दीड किलोमीटर जमिनीखाली."

"घरातलं दुसरं कुणी?"

मी मुम्मोंकडे पाहिलं. ग्वेन स्वतःच म्हणाली, "नाही, चालणार नाही. आई किंवा वडीलच हवेत. मी घाई करायला सांगते."

फोन ठेवला. मुम्मो म्हणाल्या, "झालं समाधान?" आणि पाव फडक्यात बांधायला लागल्या. गाठ इतकी करकचून मारली की सुरीशिवाय सुटली नसती.

अकरा वाजता सासरे बॅगा न्यायला आले. चार चाकांच्या बाइकला त्यांनी ट्रॉली जोडली होती. टाउनो त्यांचं नाव, घरात पाप्पा. आमच्याकडे ना स्टेशन ना फलाट. रुळाकडेला मैलाची पाटी आहे, तिथे उभं राहून हात केला की गाडी थांबते, नाही केला तर निघून जाते. घरापासून तिथपर्यंत तीनशे पावलं.

"फोन?" त्यांनी विचारलं.

"नाही आला."

"येईल." त्यांनी एक वॉकी-टॉकी टेबलावर ठेवली, दुसरी कमरेला लावली. "गाडी दिसली की सांगतो."

अकरा वीस. अकरा पंचवीस. मी ओन्नीला बूट घातले, त्याने काढले, पुन्हा घातले. कोट घातला तर घामाने खोकला वाढेल म्हणून काढला. फोन टेबलाच्या मधोमध होता, आणि मी त्याच्याकडे पाहत नाही असं स्वतःला भासवत होते. अकरा तीस. गाडी आली आणि फोन आला नाही तर? चढले तर ऑपरेशनची वेळ जाणार. थांबले तर गाडी जाणार.

"किती वेळ थांबते गं गाडी?" मुम्मोंनी एकदम विचारलं.

"अर्धं मिनिट. माणसं चढेपर्यंत."

"माणसं चढायला अर्धं मिनिट," मुम्मो म्हणाल्या. "आणि शिकाऱ्यांनी मारलेलं घोड्याएवढं मूस-हरीण चढवायला? गेल्या शरदात वीस मिनिटं उभी होती. गार्डने हूं की चूं केलं नाही. सामान रुळाकडेला ठेवलंय म्हटल्यावर ते चढवायचंच, या लाइनीची रीतच आहे." त्यांनी वॉकी-टॉकी उचलली. "टाउनो, शेडमधली लोखंडी चूल घेऊन जा."

खरखर झाली. "कुठे?"

"गाडीवर. सडबरीला."

"कशाला?"

"दुरुस्तीला."

"अगं, ती बारा वर्षं फुटकी आहे!"

"म्हणूनच. आणि कपडे धुवायचं जुनं यंत्र. आणि पलंगाचे लोखंडी पाय. आणि नाव."

"नाव? मी मासे कशात बसून धरू?"

"टाउनो, कोलेटचा फोन आलेला नाही."

मग पाप्पा म्हणाले, "मूसची शिंगंही नेतो. ती कशातच नीट बसत नाहीत."

खिडकीतून मला ट्रॉली जाता-येताना दिसत होती. पाप्पा सत्तरीचे, गुडघा दुखरा. चूल त्यांनी एकट्याने फळीवरून सरकवत चढवली. धुवायचं यंत्र उचलायला मुम्मो धावत गेल्या. पांढऱ्या केसांची ती दोघं चिखलात घसरत, एकमेकांवर ओरडत ते यंत्र ओढत होती, आणि मला ओन्नीला सोडून मदतीला जाता येत नव्हतं.

अकरा एक्कावन्नला वॉकी-टॉकी बोलली. "आली. वळणावर दिवा दिसतोय."

फोन गप्पच होता. मुम्मो धापा टाकत आत आल्या, हात गंजाने तांबडे. दोघी फोनकडे बघत उभ्या राहिलो. बाहेर गाडीचे ब्रेक लागल्याचा लांब आवाज आला.

अकरा चोपन्न. फोन वाजला.

डॉक्टरबाईंचा आवाज पातळ आणि अगदी सावकाश होता. खोकला किती वेळा? जेवला का? रात्री झोपला का? नाकातलं पाणी कोणत्या रंगाचं? मी एका श्वासात सांगत होते, त्या एकेक शब्द लिहून घेत होत्या.

"आता असं करा," त्या म्हणाल्या. "त्याचा सदरा वर करा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पोट वर आलं की एक. अर्धं मिनिट मोजून दुप्पट नको. आणि बरगड्यांमध्ये कातडी आत ओढली जाते का बघा."

एक मिनिट. ओन्नी एक क्षण स्थिर बसत नव्हता. त्याला स्थिर बस म्हणून सांगायचं कसं? मी जमिनीवर आडवी झाले, गालाखाली हात ठेवून झोपेची खूण केली. तोही आडवा झाला, पोट वर. मी तळहात ठेवला. मुम्मोंनी घड्याळ समोर धरलं.

एक. दोन. तीन.

एकोणिसाला वॉकी-टॉकी खरखरली. "चूल चढली! गार्ड विचारतोय, अजून किती राहिलंय..."

माझा आकडा गेला. वीस की एकवीस? काटा चाळीस सेकंदांवर होता. सत्तावीस सांगितलं असतं तरी चाललं असतं. अठ्ठावीसही. पलीकडे कुणाला कळणार होतं?

"चुकलं," मी फोनमध्ये म्हणाले. "पुन्हा मोजते."

मला वाटलं मुम्मो आता किंचाळतील. त्यांनी घड्याळ माझ्या हातात दिलं, वॉकी-टॉकी उचलली आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं. काचेतून त्यांचं तोंड जोरजोरात हलताना दिसत होतं.

एक. दोन. ओन्नीने माझ्या नाकाला हात लावला. मी हलले नाही. अकरा. बारा. इतकं लांब मिनिट मी कधी जगले नव्हते. त्याचं पोट वर येत होतं, खाली जात होतं, बरगड्यांवरची कातडी सपाट होती. सव्वीस. सत्तावीस.

"सत्तावीस. आत ओढलं जात नाही."

पलीकडे कागद उलटला. "ठीक आहे. या तुम्ही. उद्या मी स्वतः त्याची छाती ऐकेन, मगच ठरवेन. आत्ता शब्द देत नाही. कळलं ना?"

"कळलं. येतो आम्ही."

अकरा अठ्ठावन्न.

ओन्नीला छातीशी बांधलं आणि पळाले. मुम्मो पुढे पावाची गाठोडी घेऊन. वाट म्हणजे अर्धा बर्फ, अर्धा चिखल. झाडांतून दोन डब्यांची गाडी दिसली आणि तिच्या उघड्या दारापाशी पाप्पा आणि गार्ड, मध्ये धुवायचं यंत्र. खिडक्यांतून माणसं डोकी बाहेर काढून तमाशा बघत होती.

"हे चालतं तरी का?" गार्ड रेजां विचारत होता.

"चाललं असतं तर नेलं असतं का?" पाप्पा म्हणाले.

"टाउनो, घर खाली करतोयस की काय?"

"अर्धंच. अर्धं बायकोच्या नावावर आहे."

"आणि ही शिंगं? यांना कुणाकडे उतरवू?"

"ज्याला आवडतील त्याला दे."

मग रेजांचं माझ्याकडे लक्ष गेलं, माझ्या चिखलाने भरलेल्या गुडघ्यांकडे आणि छातीवरच्या पोराकडे. त्याने यंत्र खाली ठेवलं. "हे आता राहू द्या, काय?"

"राहू दे," पाप्पा म्हणाले आणि त्याच यंत्रावर मटकन बसले.

पायरी माझ्या कमरेइतकी उंच होती. ओन्नीला सोडून वर द्यावं लागलं. रेजांने दोन्ही हातांनी त्याला घेतलं, मी दांडी धरून मागून चढले. मुम्मोंनी खालून गाठोडी दिली.

"गाडीत खोकला तर तेही सांगशील," त्या म्हणाल्या. "माहीत आहे मला."

"सांगेन, मुम्मो."

"सांग. आणि पाव खा, नुसती तापमापी चघळू नकोस."

गाडी हलली.

ओन्नी गाडीत दोनदा खोकला. एकदा तीनला, एकदा सडबरी जवळ आल्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरबाईंनी विचारण्याआधीच मी ते सांगितलं. त्या उंच, सडपातळ, आवाजापेक्षा वयाने मोठ्या. आर्वोच्या मांडीवर बसलेल्या ओन्नीची छाती त्यांनी ऐकली, मग पाठ, मग डोळे मिटून पुन्हा छाती. आर्वोने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. त्यांनी ओन्नीला वळवलं आणि डाव्या बाजूला खाली, जिथे अजून ऐकलं नव्हतं, तिथे बराच वेळ ऐकत राहिल्या. ओन्नी त्यांच्या बिल्ल्याशी खेळत होता.

शेवटी त्यांनी कानांतून नळ्या काढल्या.

"उद्या साडेनऊ," त्या ग्वेनला म्हणाल्या. "नाव लिही."