फ्लॅश पडला की उठायचं

भाऊंना जन्माची एक सवय होती: फ्लॅश चमकला, की फोटो निघाला असं समजून उठायचं. त्यांचा मुलगा फोटोग्राफर. त्या संध्याकाळी त्याला वडिलांच्या मागे खिडकीतला मावळता उजेडही हवा होता, म्हणून त्याने शटर दोन सेकंद उघडं ठेवलं. फ्लॅश सुरुवातीलाच पडला आणि शटर मिटायच्या आतच भाऊ उठले. फोटोत त्यांच्या छातीतून खुर्चीची पाठ आरपार दिसू लागली.

"भाऊ, किती वेळा सांगू, हलू नका म्हणून?"

"अरे, तुझा दिवा लागून विझला. आता काय अंडी उबवत बसू?"

दुसऱ्यांदाही तेच झालं. "राहू द्या," तो वैतागून म्हणाला, "तुमच्यापुढे हात टेकले. पुन्हा कधीतरी काढू."

भाऊ ओशाळले आणि उगाचच कॉलर नीट करत आत गेले. महिन्याभरात देवाने त्यांना बोलावून घेतलं.

आज त्याची धाकटी बहीण भिंतीवर लावायला तोच फोटो मागत होती. शटर मिटता मिटता, अगदी शेवटी फ्लॅश पडेल अशी सोय कॅमेऱ्यात होती; लग्नाच्या कामात तो ती नेहमी वापरायचा. ते एक बटण फिरवलं असतं, तर भाऊ दिव्याची वाट बघत निवांत बसले असते आणि दिवा चमकल्यावर खुशाल उठले असते.

"दे की रे दादा. थोडे तरी दिसतात ना?"

त्याने फोटो तिच्या हातात दिला.

"दिसतात. ते बरोबरच उठले होते गं. माझंच चुकलं."