एका खुंटीवर दोन किल्ल्या

"सर, कम्प्युटरला बाईमाणसाचा विटाळ होतो का?"

भागूनं विचारलंच! विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर आमी वागवू, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. आता त्याच तोंडात ओढण्या कोंबून खुसखुसत होत्या.

त्र्याण्णव सालची परभणी. दिनकर सरांच्या क्लासात कम्प्युटर एकच. सकाळी पोरांची बॅच, शाळा सुटल्यावर पोरींची. पोरांचा प्रोग्रॅम पुण्याहून आणलेला, पोरींचा सरांनी स्वतः लिहिलेला. सुरू करताना दोन्ही पासवर्ड मागायचे, आणि पंधरा दिवस झाले, रोज कुणाचा ना कुणाचा चुकायचा. पोरं म्हणाली, पोरींनी बदलला. सरांना पटलं. सोमवारपासून पोरींनी हात लावायचा नाही, लांबून बघायचं, असं फर्मान निघालं. भागू फार पुढं पुढं करते म्हणून माफीची चिठ्ठी तिच्याच हातात: 'पासवर्ड मी बदलला, पुन्हा बदलणार नाही.' खाली वडिलांची सही. सही नसेल तर क्लासातून नाव कमी.

"विटाळ कुठून काढलास गं? आगाऊपणा पुरे!" सर कानापर्यंत लाल झाले.

"मग लांबून कशाला बघायचं? आमी लिंगायत लोक विटाळ मानत न्हाई. तुमचा कम्प्युटर मात्र लय सोवळा दिसायलाय."

"एवढं असंल तर चोर धरून दाखव."

"धरते की. खुर्ची द्या."

भागू बसली. तिनं फायलींची यादी मागवली. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं सरसर उतरली. पासवर्डची फाईल एकच, आणि तिच्यापुढं आजची तारीख, सकाळचे सव्वासात.

"सर, सव्वासातला कोण होतं इथं?"

"मीच. पोरांचा पासवर्ड चालंना, नवा घालून दिला."

"अन् काल शाळा सुटल्यावर आमचा चालंना तवा?"

"तोही मीच घातला की..." सर पडद्याकडं वाकले.

भागूला एकदम पिंगळी गावातल्या आपल्या घरातली खुंटी आठवली. दाराशी एवढीशी खुंटी. अव्वा, म्हणजे आई, तिच्यावर कोठीची किल्ली अडकवायची, काकू कपाटाची. एक अडकली की दुसरी राहायची नाही. नंतर येईल ती आधीची काढून कुठंतरी ठेवायची, आणि संध्याकाळी दोघी कमरेवर हात ठेवून उभ्या: माझी किल्ली हलवली कुणी? शेवटी वडिलांनी, अप्पांनी, दुसरी खुंटी ठोकली तेव्हा घर शांत झालं.

"दोन्ही प्रोग्रॅम आपापला पासवर्ड एकाच नावाच्या फायलीत ठेवायलेत," भागू म्हणाली. "पोरांचा घातला की आमचा पुसतो. आमचा घातला की पोरांचा. बदलणाऱ्या पोरी न्हाईत, पोरंबी न्हाईत. हात तुमचाच हाय, सर."

"मग आता?"

"दुसरी खुंटी ठोकायची."

तिनं कम्प्युटरात दोन वेगळ्या डिरेक्टऱ्या, म्हणजे वेगळे कप्पे, केल्या, एकीत पोरांचा प्रोग्रॅम टाकला, दुसरीत पोरींचा. सरांनी दोन्हीकडं पासवर्ड घातले. पोरांचा उघडला. पोरींचा उघडला. सगळ्यांनी श्वास रोखला, आणि पोरांचा पुन्हा उघडला! मैत्रिणींतल्या कमलनं तर टाळीच वाजवली.

सरांनी चष्मा पुसला, पुसतच राहिले. "बरं. बॅच चालू राहील, हातही लावा. पण चिठ्ठी तेवढी सही करून आण. मी पोरांना सांगून बसलोय. आता त्यांना काय तोंड दाखवू?"

संध्याकाळी पिंगळीला अप्पांनी चिठ्ठी वाचली, भागूकडून सगळं ऐकलं आणि तरी खिशातला पेन काढला.

"एक सहीच तर हाय, बाळ. सरांचा मान राहतो, तुझा क्लासबी राहतो."

"करून टाका," अव्वा चुलीपासून म्हणाली. "पोरीच्या जातीनं एवढं ताणू नाही."

पेन कागदाला टेकणार, एवढ्यात भागूनं चिठ्ठीवर पंजा ठेवला.

"सही करू नका, अप्पा. जे मी केलंच न्हाई त्याची माफी मी मागणार न्हाई. उद्या पहिल्या गाडीनं मी पोरांच्या बॅचला चालले. समद्या पोरांसमोर फळ्यावर लिहून दाखवणार, पासवर्ड कसा पुसला जायचा ते. नाव कमी केलं तर दारात बसून शिकंन. पण क्लास सोडणार न्हाई, अन् ही चिठ्ठी बिनसहीचीच परत देणार."