पुढची जागा

"गोरू!" प्रेमलताबाई ओरडल्या आणि दिगंबररावांनी ब्रेकवर पाय दाबला.

गाडी कुरकुरत थांबली. काचेपुढे नुसता धूर होता. संध्याकाळी घरोघर पेटलेल्या कोळशाच्या चुलींचा, जानेवारीतल्या कलकत्त्याचा धूर. तो वर जायला तयार नसतो आणि खाली मावत नाही. त्या धुरातून एक पांढरा डाग गाडीच्या नाकापाशी आला, त्याला दोन शिंगे फुटली, आणि मग ती गाय आपल्याला काही घाई नाही अशा बेताने चेतल्याच्या पुलाकडे निघून गेली.

"गोरू काय? बंगाली कशाला, गाय म्हणावं," मागच्या सीटवरून श्यामराव म्हणाले. "मराठी मंडळाच्या बैठकीहून येतोय आपण."

"जिभेवर आधी येतं ते म्हणते. गाय आठवेपर्यंत ती गाडीत येऊन बसली असती." प्रेमलताबाईंनी खिडकीतून पुन्हा डोके बाहेर काढले. "हं, चला. डावीकडे हातरिक्षा. उभी आहे. जरा उजवीकडून... गेली."

"गेली का?"

"गेली. आता पूल."

दिगंबररावांच्या गाडीला दिवे दोन होते; म्हणजे कारखान्याने दोन बसवले होते म्हणून दोन म्हणायचे. स्वातंत्र्याच्या वर्षी घाईघाईने मायदेशी निघालेल्या एका साहेबाने ही गाडी त्यांना विकली, तेव्हा दिव्यांविषयी तो काही बोलला नव्हता. बहुधा तो दिवसाच विकायला आला होता. सहा व्होल्टचे, पिवळसर, लांबच्या दुखण्यातून उठलेल्या माणसाने पाहावे तसे पाहणारे ते दिवे. उजवा थोडा आकाशाकडे बघे, डावा स्वतःच्या चाकाकडे. रस्ता त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी असायचा.

म्हणून शेजारी बसून रस्ता सांगणारे माणूस लागे. पहिल्याने हे काम श्यामरावांकडे दिले होते. बडा बाजारातला सुताचा धंदा एकट्याने उभा केलेला माणूस. पण गाडी हलली की त्यांना झोप येई, आणि जागे असत तेव्हा ते होऊन गेलेल्या गोष्टी सांगत. "तो सायकलवाला होता बरं का," असे ते सायकलवाल्याच्या शिव्या मागे पडल्यावर म्हणत. त्यांच्या पत्नी वृंदाताई समोरून काही आले की डोळे मिटून घेत. उरल्या प्रेमलताबाई. भवानीपूरला जन्मलेल्या, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या, नवरा गेल्यापासून बेहालाला भावाच्या घरी राहणाऱ्या.

प्रेमलताबाई विधवा आणि दिगंबरराव विधुर. अशी दोन माणसे गाडीत शेजारीशेजारी बसली असती, तर मंडळाने त्या शनिवारी दुसरा कुठलाच विषय घेतला नसता. पण हे काम होते, आणि कामाला कोणी नावे ठेवत नाही. खुद्द वृंदाताईंनीच त्यांना पुढे ढकलले होते. "तूच बस गं बाई. नाहीतर सगळेच एकदम गंगेला मिळू." मंडळाच्या पायरीवर उभ्या असलेल्या सगळ्यांना ते पटले होते.

मंडळाच्या हाजऱ्यातल्या जागेहून निघालेली गाडी अलिपूरवरून बेहालाला जाई. अलिपूरला दिगंबररावांची स्वतःची सरकारी खोली होती. तिच्यावरून पुढे जाऊन, सगळ्यांना बेहालात सोडून, ते तेवढेच मागे येत. "वाटेतच आहे," असे ते म्हणत. अंतराची माहिती असलेल्या भूगोलाच्या बाईंनीही कधी त्यांची चूक दुरुस्त केली नव्हती.

आठवड्याचे बाकीचे दिवस ते अलिपूरच्याच सरकारी परीक्षणशाळेत सिमेंटचे ठोकळे यंत्रात दाबत. ठोकळा किती दाबाला फुटतो हे पाहायचे, फुटला की पुढचा घ्यायचा. तिथे साहेबाशी इंग्रजी, शिपायाशी हिंदी. घरी स्वयंपाकी ओरिसाचा होता. त्याची भाषा यांना येत नव्हती आणि यांची त्याला. त्यामुळे आमटीत मीठ कमी पडले तर कमीच राही. पत्नी सरला गेल्यापासून घरातले मराठी भिंतीवरच्या पंचांगापुरते उरले होते, आणि पंचांगाशी फार काही बोलता येत नाही.

शनिवारी मात्र ते मफलर उजव्या कानावर ओढून बांधत आणि डावा कान, शेजारच्या जागेकडचा, उघडा ठेवत. उजव्या कानाला थंडी जास्त लागते, असे विचारल्यास सांगायचे त्यांनी ठरवले होते. कोणी विचारले नव्हते.

"ट्रामचे रूळ," प्रेमलताबाई म्हणाल्या आणि खोकल्या. मग पुन्हा खोकल्या. हा खोकला त्यांना दिवाळीपासून होता, आणि तोंड बाहेर काढून धूर खाल्ल्याने तो कमी होण्यातला नव्हता.

"काच वर घ्या ना," दिगंबरराव म्हणाले.

"वर घेतली तर दिसत नाही."

"नाही दिसलं तरी चालेल."

"तुम्हाला चालेल. मागे वृंदाताई आहेत."

पुढच्या शनिवारी प्रेमलताबाई बैठकीला आल्या नाहीत. छातीत कफ झाल्याचे त्यांच्या भावाने कळवले. पुढे श्यामराव बसले. बेहालाच्या गल्लीत दोन्ही बाजूंना तळी आहेत. त्यांतल्या एकाच्या काठापर्यंत जाऊन दिगंबरराव थांबले, तेव्हा श्यामराव जागे झाले.

"दिगंबरराव, आता हे दिवे बदला," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "मल्लिक बाजारात इद्रिस मिस्त्री म्हणून आहे, माझं नाव सांगा. त्या बाईंचे आणखी किती हाल करणार?"

हे शेवटचे वाक्य दिगंबररावांनी घरी येऊन, जेवून, आडवे झाल्यावरही ऐकले.

लढाई संपल्यावर अमेरिकन फौज मोटारींचे जे जे टाकून गेली, ते ते मल्लिक बाजारात रचून ठेवलेले होते. इद्रिस मिस्त्रीने जुन्या दिव्यांच्या काचा काढल्या, आतल्या काळवंडलेल्या वाट्या उन्हाकडे धरल्या आणि दिगंबररावांकडे सहानुभूतीने पाहिले.

"साहब, इससे तो लालटेन बाँध लेते."

त्याने फौजी लॉरीचे दोन बंदिस्त दिवे आणले, काच आणि वाटी एकजीव असलेले, थाळीएवढे. दिगंबररावांनी ते परीक्षणशाळेतल्या सवयीने उलटसुलट करून पाहिले, टिचकी मारून पाहिली. जुनी केसासारखी तार काढून मिस्त्रीने बोटभर जाड तार थेट बॅटरीपासून ओढली. अंधार पडू लागला तेव्हा समोर गोऱ्यांच्या जुन्या कब्रस्तानाची भिंत होती. मिस्त्रीने बटण दाबले. भिंतीची वीट न् वीट, विटांमधले शेवाळ, शेवाळावरची गोगलगाय, सगळे एकदम उभे राहिले.

"बस कीजिए, साहब," मिस्त्री म्हणाला. "मुर्दे उठ बैठेंगे."

दिगंबरराव हसले. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे ते थोडे उशिरा थांबले. परतताना गाडीत ते एकटेच होते, तरी त्यांनी डाव्या बाजूची काच चढवून पाहिली. नीट बसत होती. आता बाईंना बाहेर डोकवायला नको. काच बंद, गाडीत ऊब. आणि गायी, रिक्षा, रूळ सांगायचे नसले म्हणजे माणसाला दुसरेही काही बोलता येते. काय बोलता येते, ते त्यांनी अलिपूर येईपर्यंत ठरवून पाहिले. पहिले वाक्य ठरले. दुसरे ऐन वेळी सुचेल असे वाटले.

शनिवारी प्रेमलताबाई आल्या होत्या. चेहरा जरा उतरला होता, पण खोकला नव्हता. बैठक संपल्यावर सगळे मंडळ पायऱ्यांवर दिवे बघायला जमले. दिगंबररावांनी बटण दाबले आणि समोरच्या घरात आंघोळ करणाऱ्या बंगाली गृहस्थांनी भिजल्या अंगाने खिडकी लावून घेतली.

"वा, वा!" कोणीतरी म्हणाले. "दिवसच की हो."

"माझीच सूचना," श्यामरावांनी सगळ्यांना सांगितले.

"छान झालं," प्रेमलताबाई म्हणाल्या. त्या दिव्यांकडे थोडा वेळ बघत राहिल्या. मग नेहमीप्रमाणे गाडीच्या डाव्या बाजूला गेल्या आणि पुढच्या दाराच्या मुठीवर त्यांनी हात ठेवला.

"अगं, आता पुढे कशाला?" वृंदाताई मागून म्हणाल्या. वाईट हेतूने नव्हे. थकलेल्या बाईला मऊ जागा द्यावी तशा. "आता गाडीचं गाडीला दिसतंय. ये मागे, आपण दोघी ऐसपैस बसू. पुरुष बसतील पुढे."

पायऱ्यांवर सगळेच उभे होते. प्रेमलताबाईंचा हात मुठीवर जरा राहिला. तिच्यावरची धूळ त्यांनी बोटाने पुसली आणि त्या मागे गेल्या.

दिगंबररावांना तेव्हा काहीतरी बोलायला हवे होते. मागे हवा कमी येते, पुढे आणखी एक माणूस लागते, काहीही. परीक्षणशाळेत ठोकळा फुटण्याआधी एक बारीक आवाज येतो, तो ऐकून यंत्र थांबवता येते. पण तिथे पायऱ्यांवर माणसे नसतात. ते गाडीत बसले. शेजारी श्यामराव बसले आणि त्यांनी पाय लांब केले.

रस्ता सरळ दिसत होता. चेतल्याच्या पुलाचे कठडे, कठड्याला टेकून बिडी ओढणारा माणूस, त्याच्या शालीचे भोक. सगळे दुरूनच यायचे आणि न सांगता निघून जायचे. एक गाय आली. दिगंबररावांनी तिला बरेच आधी पाहिले, बाजूने गाडी काढली. "गोरू" म्हणून कोणी ओरडले नाही.

"बघा, कसं गुळगुळीत," श्यामराव म्हणाले. "आता सुताचं म्हणाल तर..." आणि ते सुताविषयी सांगू लागले. मधेच त्यांची मान खांद्यावर पडली.

मागे वृंदाताई लोणच्याबद्दल काही सांगत होत्या. प्रेमलताबाई "हो ना," म्हणत होत्या. मफलरच्या बाहेर राहिलेला दिगंबररावांचा डावा कान तेवढ्या "हो ना"वर होता. अलिपूर कधी गेले ते कळले नाही. ज्या रस्त्याला नेहमी अख्खी संध्याकाळ लागे, तो आज नीट सुरू व्हायच्या आत संपत आला होता.

गाडी बेहालाच्या गल्लीत वळली. डावीकडे तळे, उजवीकडे तळे, मधे डांबराची पट्टी. पहिल्या तळ्याच्या टोकाशी रस्ता किंचित वळतो. त्या वळणावर प्रेमलताबाई दर शनिवारी त्यांना थांबवत. मोठा खड्डा आहे म्हणत. उजवीकडून... आणखी उजवीकडे... सावकाश... सावकाश. तिथून पुढे बाईंचे घर येईपर्यंत गाडी पायी चालल्यासारखी जाई. इतका मोठा खड्डा, आणि चाक एकदाही त्यात गेले नाही, याचे दिगंबररावांना कौतुक होते. ते त्यांनी मंडळात बोलूनही दाखवले होते.

ते वळण आता दिव्यात लख्ख दिसत होते. दिगंबररावांनी खड्डा शोधला. मग बुजवल्याची खूण शोधली. रस्ता जुना होता, पावसाळे खाऊन राखाडी पडलेला, बारीक भेगांचा. नवे डांबर, नवी खडी, ठिगळ कुठेच नव्हते. पृष्ठभाग कुठे फुटला हे ओळखणे हे त्यांचे रोजचे काम होते. तिथे कधीही काही फुटलेले नव्हते.

त्यांनी ब्रेकवर पाय दाबला.

श्यामराव जागे झाले. "आलं का घर?"

"नाही," दिगंबरराव म्हणाले. "खड्डा आहे."

"खड्डा?" श्यामराव पुढे वाकले, काच बाहीने पुसली, पुन्हा पाहिले. "कुठं? मला तर काही दिसत नाही. एवढ्या उजेडात?"

वृंदाताईंचे लोणचे मधेच थांबले. तळ्याच्या पाण्यावर दिव्यांचा पांढरा पट्टा पडला होता आणि त्यात धूर सावकाश फिरत होता. दिगंबररावांनी चाकावरचे हात हलवले नाहीत. मागे वळूनही पाहिले नाही.

"आहे," मागून प्रेमलताबाई म्हणाल्या. "मोठा आहे. उजवीकडून घ्या."

"अगं, पण तुला मागून कसा..." वृंदाताई म्हणू लागल्या.

"आणखी उजवीकडे," प्रेमलताबाई म्हणाल्या. "हं. सावकाश."