हलका क्लच

सुसाटनं वाकून गाडीच्या सीटपासून जमिनीपर्यंतचं अंतर वितीनं मोजलं, तोंडानं 'च्च' केलं आणि मान हलवली.

"खालीच आहे तशी," तो गॅरेजवाल्याला म्हणाला. "आम्हाला हिच्या गुडघ्याचं बघावं लागतं ना."

बायको शेजारीच उभी होती. गाडी पन्नासेक वर्षांपूर्वीची, दोघांपुरती, बिनटपाची, लांबलचक नाकाची. रंग ओल्या पाटीसारखा, चाकांना तारांच्या काड्या, आणि गॅरेजवाल्यानं तिला अशी काही चमकवली होती की बोनेटमध्ये छताचे पत्रे मोजावेत. बघताक्षणी तिला ती गाडी हवीशी झाली, आणि दुसऱ्या क्षणाला स्वतःच्या गुडघ्याचा राग आला. हल्ली हे असंच व्हायचं. आधी गाडी आवडायची, मग गुडघा नावडायचा.

त्याला सगळे सुसाट म्हणायचे, कारण तरुणपणी तो रॅलीत गाडी चालवायचा. तिला नकाशा म्हणायचे, कारण ती शेजारी बसून वळणं वाचायची. दोघांचं लग्न ठरलं तेव्हा क्लबातल्या मंडळींनी भरपूर चेष्टा केली होती. सुसाटनं हुंडा म्हणून नकाशा मागितला, असं काहीबाही. लग्नानंतरही पोरगी शाळेत जायला लागेपर्यंत दोघं एकत्र गाडी पळवत राहिले. घरात ती त्याला अहो म्हणायची आणि गाडीत अरे, कारण 'अहो, जरा डावीकडे वळता का' म्हणेपर्यंत दोघंही दरीत गेले असते.

वळणं वाचणाऱ्याचा एक नेम असतो. मांडीवरचा कागद आणि बुडाखालचा रस्ता, लक्ष या दोनच गोष्टींवर. चालवणाऱ्याकडे बघायचं नाही. बघितलं की भीती वाटते, भीती वाटली की आवाज बदलतो, आणि आवाज बदलला की चालवणारा बिचकतो. तिनं हा नेम इतका पाळला की तो अंगवळणीच पडला. साधी भाजी आणायला निघाले तरी ती समोर बघून बसायची. नवरा काय करतोय हे तिला इंजिनाच्या आवाजावरून कळायचं, आणि तेवढं तिला पुरायचं.

रॅलीची जुनी गाडी विकली ती गुडघ्यापायी. तिला आत बसता-उठताना कळ यायची, हे खरंच होतं. एक दिवस तो म्हणाला, पुरे आता, तुझे हाल मला बघवत नाहीत, आणि गाडी गेली. त्यानंतर बरेच दिवस तो रिकाम्या गॅरेजचं दार उघडून नुसताच उभा राहायचा. ते तिला बघवेना. डॉक्टर म्हणत होते, ऑपरेशनची एवढी घाई नाही, गोळ्यांवर आणि व्यायामावर अजून काही वर्षं निघतील. घाई होती ती तिला. याचं एवढं एक वेड, आणि ते आपल्या पायात अडकलंय, हे तिला सहन होत नव्हतं. तिनं गुडघा बदलून घेतला. पुढचे महिने शत्रूवरही येऊ नयेत असे गेले. फिजिओथेरपीची मुलगी पाय वाकवायची तेव्हा ती उशी दातात धरायची आणि मनात म्हणायची, अजून थोडा, म्हणजे लो सीटच्या गाडीत बसता येईल.

आणि मग गाड्या बघणं सुरू झालं. एक फार खाली निघाली. एकीचं दार अरुंद. एकीत पाय लांब करायला जागा नाही. प्रत्येक वेळी सुसाट आधी एक चक्कर मारून यायचा, ती शेजारी, नजर समोर. इंजिन दोनतीनदा बंद पडायचं, तो म्हणायचा, थंड आहे. परत आला की हसून म्हणायचा, गाडी झकास आहे, पण तुझ्या गुडघ्याला नाही मानवायची. मुलगी फोनवर म्हणायची, आई, बाबा तुला तळहातावरच्या फोडासारखं जपतात गं. मैत्रिणी म्हणायच्या, नवरा असावा तर असा. तीही हो म्हणायची, आणि गुडघ्याला मलम चोळताना त्याच गुडघ्याला शिव्या घालायची.

आज मात्र तिला शेजारी बसता येणार नव्हतं. तिच्या बाजूचं सीट शिवायला बाहेर गेलं होतं, तिथं नुसता पत्रा होता.

"काकांना एकट्यांना चक्कर मारू द्या," गॅरेजवाला म्हणाला. "समोरच्या मैदानातून शेडला वळसा घालून येतील. तुम्ही इथं सावलीत थांबा काकू."

सुसाट जरा घुटमळला. ऊन आहे, उगाच कशाला, सीट आल्यावर बघू असं काहीतरी म्हणाला. पण तिनंच त्याला ढकललं. तिला एकदम हौस वाटली. इतक्या वर्षांत तिनं त्याला बाहेरून गाडी चालवताना कधी बघितलंच नव्हतं. ती लाकडी खोक्यावर टेकली आणि पदर सावरून, तमाशाला बसावं तशी बघायला लागली.

त्यानं दार उघडलं. आधी बसला. उजवा पाय आत घेतला. मग डाव्या मांडीवरची पँट मुठीत धरली आणि तो पाय उचलून आत ठेवला, सामानाची पिशवी ठेवावी तसा. मग मान खाली घालून दोन्ही गुडघ्यांच्या मधून बराच वेळ बघत राहिला. तिला वाटलं, चष्मा पडला असेल. पण चष्मा नाकावरच होता. तो पाऊल बघत होता. पाऊल जागेवर बसलंय अशी खात्री झाल्यावर त्यानं किल्ली फिरवली.

गाडीनं आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा मान खाली, पुन्हा किल्ली. या खेपेला निघाली. पण गियर बदलायचा म्हटलं की मान खाली. मैदानाच्या टोकाला वळताना मान खाली होती, आणि वर आली तेव्हा कुंपण हातभरावर आलं होतं. त्यानं ते कसंबसं चुकवलं. जो माणूस धुक्यात फक्त तिच्या आवाजावर घाट उतरायचा, तो उघड्या मैदानात दर दहा पावलांवर स्वतःचा पाय शोधत होता.

गॅरेजवाला अस्वस्थ झाला. त्याला वाटलं, आपलंच काम कमी पडलं.

"क्लच अजून हलका करायला हवा होता का काकू?" त्यानं विचारलं. "काकांनी फोनवर बजावून सांगितलं होतं. म्हणाले, काकूंच्या गुडघ्याला जोर लागता कामा नये, क्लच होईल तेवढा मऊ करून ठेव. मी नवी तार घातली, स्प्रिंग बदलली. आता हातानंसुद्धा दाबला जातो. तुम्हीच चालवणार ना?"



ती चालवणार नव्हती. ती चालवणार असं घरात कधी कुणी बोललंच नव्हतं. तिची जागा शेजारची, आणि शेजारच्या जागेला क्लच नसतो.

"बघू," ती म्हणाली.

गाडी शेडच्या मागे गेली होती. आवाज तेवढा येत होता, आणि तो आवाज ती आज पहिल्यांदा नीट ऐकत होती. तिच्या डोक्यात एकेक गोष्ट उलटी होऊन पडायला लागली. घरची गाडी बदलून बिनक्लचची आणली, ती तिच्या गुडघ्यासाठी. चालवायचा रोज तोच. दुसऱ्या मजल्यावरचं घर सोडून तळमजल्यावर आले, तेही तिच्या गुडघ्यासाठी. तिला ते जुनं घर, तिथल्या खिडकीतला वारा, किती आवडायचा, पण ती मूग गिळून बसली होती, कारण दोष तिचा होता. टेकडीवर फिरायला जाणं बंद झालं तेव्हा मित्रांना त्यानं तिच्यादेखत सांगितलं होतं, बायकोला सोडून कसा येऊ रे. मित्रांनी तिच्याकडे किती कीव करून बघितलं होतं.

बंदूक ठेवायला लोक दुसऱ्याचा खांदा शोधतात. यानं बायकोचा गुडघा शोधला होता.

आणि ती शेजारी बसून समोर बघत होती. काखेत कळसा म्हणतात तो हाच. आपल्याला फसवलं, हे तिला अगदी स्वच्छ कळलं, आणि रडू यायच्या ऐवजी तिला शरम वाटली. मुलीला, मैत्रिणींना, सगळ्या जगाला ती ज्याचं कौतुक सांगत आली, ते हे होतं. पाय गेला म्हणून कुणाचा राग येतो? त्यानं एका शब्दानं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, एवढंच ना, सरका तिकडे, आता तुम्ही वाचा आणि मी चालवते. तिनं खरंच तसं म्हटलं असतं. हे त्याला माहीत नसेल? की माहीत होतं म्हणूनच बोलला नाही?

गाडी आली आणि आचका देऊन थांबली. सुसाट उतरला. उतरल्यावर गाडीचं कौतुक करावं तसा दारावर हात टेकून उभा राहिला, आणि आज तिला दिसलं की तो उभा नव्हता, टेकला होता.

"लोणी आहे लोणी," तो म्हणाला. "पण नाही. फार खाली आहे. तुझ्या गुडघ्याचे हाल करून मला गाडी नको."

गॅरेजवाल्यानं तिच्याकडे दिलगिरीनं बघितलं. तिनं त्याला पाणी मिळेल का विचारलं, आणि तो आत गेला.

"पाय कधीपासून असा आहे?" ती म्हणाली.

"कुठला पाय?"

ती बघत राहिली, त्याच्या पायाकडे नाही, तोंडाकडे. त्यानं खिशातला रुमाल काढला, मान पुसली, रुमालाची घडी केली, पुन्हा उलगडली. मग हळूहळू बोलायला लागला. बधिर असतं म्हणाला. जमिनीला लागलाय की नाही, बघितल्याशिवाय कळतच नाही. दोन डॉक्टर झाले, दोघांनी तेच सांगितलं, नस गेलीय. बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला.

"मला सगळे सुसाट म्हणतात गं," तो म्हणाला. "त्यांना मी काय सांगणार होतो?"

"माझं सांगत होतात की."

त्यानं मान खाली घातली. त्याची दया आली तर बरं होईल असं तिला वाटलं, आणि दया आलीही, पण जो प्रश्न घशाशी आला होता तो काही खाली जाईना.

"माझं ऑपरेशन झालं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

त्यानं नाही म्हणावं असं तिला फार वाटत होतं. इतकं खोटं बोलला, त्यात हे एक अजून. तिनं ते खपवून घेतलं असतं, त्याच आधारावर उरलेली वर्षं काढली असती. ती दवाखान्यात उशी चावत होती तेव्हा हा उशाशी बसून तिच्या केसांवरून हात फिरवत होता, तो हात तरी खरा राहिला असता.

"हो," तो म्हणाला. "त्याच्या आधीच कळलं होतं. पण तू इतक्या उमेदीनं तयार झाली होतीस... मग बोलायचं राहूनच गेलं."

राहूनच गेलं. दूध आणायचं राहून जातं, तसं.

ती खोक्यावरून उठली. गाडीला वळसा घालून चालवणाऱ्याच्या दाराशी गेली आणि दाराला धरून आत बसायला लागली. सीट खरंच फार खाली होतं. गुडघा वाकता वाकता अशी कळ आली की डोळ्यांसमोर अंधारी आली. सुसाटचा हात सवयीनं पुढे झाला आणि तिच्या कोपराखाली आला.

"जपून गं," तो म्हणाला.

"हात काढा."

ती आवाज चढवून बोलली नव्हती. त्यानं हात काढला, आणि आता त्या हाताचं काय करायचं हे न कळून तो तसाच उभा राहिला.

गॅरेजवाला पाण्याचा पेला घेऊन बाहेर आला आणि दोघांची तोंडं बघून जागीच थांबला. ती एव्हाना आत बसली होती. तिनं क्लच दाबून बघितला. पायाखाली काही आहे की नाही कळू नये इतका तो मऊ होता.

"हा होता तसा करून द्या," ती म्हणाली. "गाडी मी घेतेय. मीच चालवणार आहे."

गॅरेजवाल्यानं आधी काकांकडे बघितलं. काका जमिनीकडे बघत होते.

"पण काकू, पहिला क्लच फार कडक होता," तो चाचरत म्हणाला. "तुमच्या गुडघ्याला कळ येईल."

"येऊ दे," ती म्हणाली. "गुडघा माझा आहे."

आणि तिनं किल्ली फिरवली.